भोंगा त्याच बाभळीवर होता

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी शिरूर तालुक्यातल्या एका गावचा. वय ३६. शेती आहे, जोडीला दुधाचा धंदा. गेल्या वर्षी माझे वडील, नाना, गेले. माळकरी होते, पायी वारी कधी चुकवली नाही. त्यांचा दहावा घोड नदीच्या घाटावर झाला. सकाळी आठचं प्रवचन महाराजांनी पाऊण तासात आटोपलं. त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली ती सव्वादहापर्यंत. बहिणीने मोजली, चौदा. सोसायटीचे चेअरमन, दोन माजी सरपंच, कारखान्याचे संचालक, पतसंस्थेचं कोणीतरी आणि जिल्हा परिषदेला इच्छुक असलेले तिघं. त्यातल्या दोघांची आधी कोण बोलणार यावरून घाटावरच बाचाबाची झाली. एकाने भाषणात नानांच्या जागी माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं नाव घेतलं आणि 'त्यांच्या जाण्याने गावाचा आधारवड कोसळला' असं सांगून टाकलं. तात्या समोरच सतरंजीवर बसले होते. लोक हसले. मागे पोरं मोबाईलमध्ये, कडेला तंबाखू मळत कांद्याच्या बाजारभावाची चर्चा. स्पीकरवाल्याने एक भोंगा शेडला आणि एक नदीकडेच्या बाभळीला बांधला होता, त्यामुळे पलीकडच्या गावालाही सगळं ऐकू गेलं.

इकडे पिंडाला कावळा शिवेना. बाभळीवर दोन-तीन कावळे यायचे आणि उडून जायचे. आम्ही सगळं बोलून पाहिलं. बहिणीच्या पोरांचं शिक्षण करू, कर्ज फेडू, आईला सांभाळू. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आईच्या मनाने घेतलंय की नानांचं काहीतरी मागे राहिलं. वाटणीच्या वेळी ती त्यांना टाकून बोलली होती, तो राग मनात ठेवून ते गेले असं ती म्हणते. रात्री उठून बसते.

नानांबरोबर आयुष्यभर सावड केलेले, वारीला बरोबर चालणारे एक बाबा दोन शब्द बोलायला माईकपाशी आले होते. सूत्रसंचालकाने 'बाबा, वेळ नाही' म्हणून त्यांना खाली बसवलं. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

आता वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलंय. कीर्तन ठेवणार आहोत. तात्या आणि चुलतभाऊ म्हणतात, नेते आले पाहिजेत, नाहीतर कार्यक्रम उठत नाही. चुलतभावाने फ्लेक्सचं डिझाईनसुद्धा करून आणलंय, त्यात नानांचा फोटो कोपऱ्यात आहे. आई म्हणते, मला हे नको, पण तात्यांना दुखवू नको. लोकांना कशाचं काही राहिलेलं नाही असं वाटतं. मी स्वतः तरुण मंडळाचा अध्यक्ष असताना गावातल्या दहा-बारा दशक्रियांचं सूत्रसंचालन केलंय, त्यामुळे मी काही बोललो तर लोक मलाच म्हणतील. काय करू? मला धाकटा भाऊ समजून लिहा.

— घाटावरचा एक मुलगा

उत्तर

धाकटा भाऊ समजा म्हणालास, तर 'तू' म्हणते.

आधी बाभळीचं बोलू, कारण बाकी सगळ्याला दोन महिने आहेत आणि आई आज रात्रीही उठून बसणार आहे.

तू पत्रात एका ठिकाणी लिहिलंस की भोंगा बाभळीला बांधला होता. पुढच्या परिच्छेदात लिहिलंस की कावळे बाभळीवर यायचे आणि उडून जायचे. दोन्ही वाक्यं तुझीच, पण तुझं तुला दिसलेलं नाही. अरे, नदीकडेची बाभळ एकच ना? मग ज्या फांदीवर बसून कावळा पिंडाकडे बघणार, त्याच फांदीवरून 'सन्माननीय व्यासपीठ' घुमत होतं. माणसांच्या कानाला दडे बसले, तिथे कावळा कसा टेकेल?

हे आईला सांग. पण कसं सांगतोस त्याला महत्त्व आहे. 'कावळ्याबिवळ्याचं काही खरं नसतं गं' असं म्हणालास तर तिला वाटेल पोरगा समजूत घालतोय, आणि वर नानांचा दहावाच खोटा ठरवतोय. कावळ्यावर माझा स्वतःचा विश्वास किती, हा प्रश्न इथे गौण आहे. तिचा आहे. म्हणून तिला तिच्याच भाषेत सांग की कावळा आला होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला होता, आणि प्रत्येक वेळी आपण त्याला हुसकावलं. नानांचं काही मागे राहिलं नव्हतं, बसायला जागा नव्हती. जमलं तर तिला घाटावर ने, भोंगा बांधलेली फांदी दाखव. तारेचा वळ अजून असेल सालीवर.

चौदा भाषणांनी कोणाचं काय बिघडतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'दोन शब्द बोलले तर काय झालं, माणूस मोठाच होता ना.' त्यांना मी यापुढे तुझ्या आईचं सांगणार आहे. कंटाळा आला, ऊन लागलं, कामाचा खोळंबा झाला, हे सगळं सोसता येतं. पण एक बाई वर्षभर स्वतःला दोषी धरून बसली, कारण कोणाला तरी जिल्हा परिषदेच्या गटात आपलं नाव घुमवायचं होतं. घाटावर कसं वागावं याला आपण शिष्टाचार म्हणतो आणि शिष्टाचार म्हणजे वरवरचं काही असं समजतो. तो वरवरचा नसतो तो असा.

आता तुझं वाक्य घेते. 'लोकांना कशाचं काही राहिलेलं नाही.' हे मला मान्य नाही, आणि नानांच्या घरातच त्याचा पुरावा आहे. नाना गेले त्या रात्री कोण कोण आलं आठव. तिरडीचे बांबू कोणी तोडून आणले? तुझ्या गाईंची धार पहिले तीन दिवस कोणी काढली? दुसऱ्या दिवशी कडू घास घेऊन कोण आलं, पिठलं-भाकरीचं टोपलं ओट्यावर ठेवून न बोलता कोण गेलं? तीच माणसं दहाव्या दिवशी घाटावर होती. त्यातलाच एखादा तंबाखू मळत कांद्याचा भाव विचारत होता. माणूस तोच. ओट्यावर त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. घाटावर त्याला दीड तास नुसतं बसवून ठेवलं, तेही ज्यांना नाना धड माहीत नव्हते अशांची भाषणं ऐकायला. मग तो दुसरं काय करणार?

मीही काही धुतल्या तांदळाची नाही. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला भाषणं चालू असताना बायकांच्या घोळक्यात मागे बसून मी जावेला तिच्या नव्या पाटल्यांची घडणावळ विचारत होते. सासूबाईंनी पुढून वळून बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा कधी विषयही काढला नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण ती नजर काही गेलेली नाही. सांगायचं हे की दुःखाच्या जागी लांबण लागली की भली माणसंही सैल होतात.

ही लांबण आली कुठून? मूळ रीत वाईट नव्हती. लांबच्या गावाहून माणसं यायची, सगळ्यांना घरच्यांना भेटता यायचं नाही. मग कोणीतरी उभं राहून 'अमक्या गावच्या ग्रामस्थांच्या वतीने, तमक्या भजनी मंडळाच्या वतीने' एवढं म्हणायचं आणि बसायचं. घरचे लोक मंदिराला, शाळेला देणगी द्यायचे, ती जाहीर व्हायची. दहा मिनिटांचं काम. पुढे 'च्या वतीने' म्हणणाऱ्याला वाटायला लागलं की आपण वतीने नाही, आपणच बोलावं. आणि २०२२ च्या मार्चमध्ये आपल्याकडच्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, प्रशासक बसले. सदस्य नव्हते, सभा नव्हत्या, पण इच्छुक मात्र गावोगाव तयार. त्यांनी उभं कुठे राहायचं? गर्दी आयती, माईक आयता, वर कोणी उठून 'खाली बसा' म्हणण्याची सोय नाही, अशी जागा घाटाखेरीज दुसरी नाही. लग्नात निदान वाजंत्री तरी मध्ये येते.

एका तालुका पातळीवरच्या पुढाऱ्याशी माझं एकदा यावरच बोलणं झालं होतं. म्हणाले, 'ताई, एका सकाळी तीन-तीन घाट करतो. कुठे कोण गेलंय ते गाडीत पोराला विचारावं लागतं. पण नाव पुकारल्यावर बोललो नाही तर म्हणतात, माजलाय.' तात्यांचं नाव घेणारा तुझा वक्ताही बहुधा त्या सकाळी दुसऱ्या घाटावरून आला असेल. मला त्या पुढाऱ्याची दया आली नाही, पण त्याचं म्हणणं मात्र लक्षात राहिलं, कारण त्यात तुझ्या अडचणीची किल्ली आहे. नाव पुकारलं म्हणून तो बोलतो. पुकारतो कोण?

तू पुकारत होतास.

पत्रात हे वाक्य तू शेवटाकडे, 'त्यामुळे लोक मलाच म्हणतील' याच्या आडोशाला ठेवलंस. मी ते तिथून उचलून पुढे आणते. दहा-बारा घाटांवर माईक तुझ्या हातात होता. तिथेही कोणाचा तरी कावळा अडला असेल. तिथेही एखादा बाबा दोन शब्द बोलायला आला असेल आणि तू हातातल्या चिठ्ठ्या बघत त्याला 'वेळेअभावी' म्हणाला असशील. नसशील तर उत्तम, पण आठवून बघ. लोक तुला म्हणतील याची भीती धरू नकोस. म्हणू दे. 'हो, मी केलंय, तेव्हा माझा बाप गेला नव्हता, मला कळत नव्हतं' हे एक वाक्य गावात चारचौघांत म्हणून टाकलंस की पुढचं सगळं सोपं होतं. ज्याने कधी माईक धरला नाही असा एखादा शहाणा पुण्याहून येऊन गावाला शिस्त शिकवायला लागला तर त्याला कोणी विचारणार नाही. तुझं ऐकतील, कारण चिठ्ठ्या कशा येतात, कोण कोणाच्या कानात काय सांगतं, हे तुला आतून माहीत आहे.

आता वर्षश्राद्धाकडे वळू. इथे तुझी बाजू दहाव्यापेक्षा बळकट आहे. दहाव्याला घरच्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, भावकी आणि गाव मिळून सगळं उरकतात. वर्षश्राद्ध मात्र तुमच्या दारात, तुमच्या मांडवात, तुमच्या खर्चाने होणार. स्पीकरवाल्याला पैसे तू देणार आहेस. हे साधं वाटतं, पण त्याला आधीच सांगितलंस की 'महाराजांचा आणि टाळकऱ्यांचा माईक सोडून तिसरा माईक आणायचा नाही', तर निम्मं काम तिथेच होतं. जो माईक मांडवात नाहीच, तो हातात घेणार कोण?

पुढचं काम महाराजांचं. कीर्तन ठरवायला जाशील तेव्हा सुपारी आणि तारीख एवढंच बोलून येऊ नकोस. दहाव्याला काय झालं ते त्यांना सांग, कावळ्यासकट. आणि विनंती कर की कीर्तनाच्या मध्ये कोणाचं स्वागत नको, कोणी उशिरा आलं तरी नाव घेऊ नका, आणि बारा वाजता फुलं वाहून झाली की लगेच पसायदान घ्या. आपल्याकडे पसायदान झालं की संपलं. नऊ ओव्या, सातशे वर्षांहून जुन्या, आणि त्यांच्यानंतर तोंड उघडायला भलाभला पुढारीही कचरतो. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द मोडायची हिंमत अजून तरी कोणात नाही. तेव्हा जे तू सांगितलंस तर उद्धटपणा ठरेल, ते महाराज सांगतील आणि लोक माना डोलावतील. बहुतेक कीर्तनकारांनाही मधले सत्कार नकोच असतात. अभंगाची लय लागलेली असताना शाल-नारळ घेऊन कोणी पुढ्यात उभं राहिलं की त्यांचीही पंचाईतच होते.

पत्रिकेत एक ओळ छाप. 'आईच्या इच्छेनुसार भाषणे व सत्कार होणार नाहीत.' लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ पहिल्यांदा आली तेव्हा लोक हसले होते, अपमानही मानला होता. आता ती नसली तर चुकल्यासारखं वाटतं. (पाकिटं तरीही खिशातून निघतातच, ते सोड.) पण ही ओळ छापण्याआधी आईला विचार. तिच्या नावाने ढाल करायची तर ढालीची परवानगी हवी. मला वाटतं ती 'हो' म्हणेल. 'मला हे नको' असं ती म्हणालीच आहे, फक्त तिच्या नकोला या घरात वजन आहे की नाही हे ती बघत असेल. तुझ्या अख्ख्या पत्रात आईला कोणी काही विचारल्याचं एकही वाक्य नाही, हेही जाता जाता सांगते. दहाव्याला किती भाषणं व्हावीत हे तिला कोणी विचारलं होतं का? आणि नाना गेले त्या दिवशी तिच्या बांगड्यांचं काय झालं, तेव्हा विचारलं होतं का?

बांगड्यांवरून आठवलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कागदावरच्या ठरावाने सगळं बदलतं असं नाही, हे मलाही कळतं. पण त्याने एक फार मोठी सोय होते. एकट्या घराने रीत मोडली तर ते घर आगाऊ ठरतं. गावाने मोडली तर कोणी आगाऊ ठरत नाही. घाटावर प्रवचनानंतर भाषण नाही, फक्त गावांची आणि संस्थांची नावं वाचायची, आणि पिंड ठेवल्यापासून कावळा शिवेपर्यंत भोंगा बंद, एवढा ठराव तुमच्या ग्रामसभेत का येऊ नये? वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बऱ्याच गावांत त्या १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे यांच्या सुमारास होतात, यातली जी जवळ असेल ती धर. ठराव तू मांड. सूत्रसंचालकानेच मांडलेला ठराव, याच्याइतकी मजा दुसरी नाही. त्याला विरोध करायचा तर उघडपणे 'मला दहाव्यात भाषण करायचंय' असं म्हणावं लागेल, आणि तसं म्हणणारा मी अजून बघितलेला नाही.

लग्नांचंही हेच चाललंय आणि त्याची पत्रं तर माझ्याकडे ढिगाने येतात. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, अक्षता पडतात पावणेदोनला, कारण साहेबांची गाडी अजून टोलनाक्यावर. २०२५ मध्ये पुण्यातल्या एका हुंडाबळीनंतर पुणे-अहिल्यानगरकडे मराठा समाजाच्या बैठका झाल्या आणि लग्नाची आचारसंहिता मांडली गेली. डीजे नको, प्री-वेडिंगचं प्रदर्शन नको, लग्न वेळेवर लावा, माणसं मोजकी बोलवा. ती कितपत पाळली जाते यावर मतं आहेत. पण लग्नाचा विषय निघाला की सगळे बोलतात आणि दहाव्याचा निघाला की गप्प बसतात, कारण 'मयताच्या कार्यात कशाला वाद'. गाडगेबाबांनी मात्र तो संकोच केला नाही. कर्ज काढून दिवस-तेरावं घालू नका, हे ते कीर्तनात खणखणीत सांगायचे.

आता तात्या. मला वाटतं तुझ्या पत्रातला सगळ्यात दुखावलेला माणूस तात्या आहेत, आणि तुझ्या ते लक्षातच आलेलं नाही.

सख्खा भाऊ गेला. त्याच्या दहाव्याला भरल्या घाटासमोर जिवंतपणी स्वतःची श्रद्धांजली ऐकावी लागली. लोक हसले. तू लिहितोस 'लोक हसले' आणि पुढच्या वाक्यावर जातोस. तात्या कुठे गेले असतील त्या हसण्यानंतर? आता ते म्हणतात नेते आले पाहिजेत, कार्यक्रम उठला पाहिजे. मला त्यात पुढारपणाची हौस कमी दिसते. गावाने शेवटचं जे लक्षात ठेवलं ते हसं होतं, त्यावर आता काहीतरी मोठं करून दाखवायचंय, असं ते असावं. मी चुकत असेन, तू त्यांना जवळून ओळखतोस. पण एवढं करून बघ. एका संध्याकाळी गोठ्यातलं आवरल्यावर त्यांच्या ओसरीवर जाऊन बस, चुलतभाऊ नसताना. म्हण, 'तात्या, दहाव्याला जे झालं ते मला लागलं. यावेळी बाहेरचं कोणी बोलणार नाही. नानांचे भाऊ म्हणून तुम्हीच एकटे बोलायचं. महाराज फुलांच्या आधी तुम्हाला पाच मिनिटं देतील. आणि मांडवात कोणी माईककडे यायला लागलं तर त्याला हाताला धरून जेवायला न्यायचं कामही तुमचंच. माझं कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील.'

पूर्वी प्रत्येक कार्याला भावकीतला एक जाणता कारभारी असायचा. कोणाला कुठे बसवायचं, कोणाला कधी उठवायचं, पंगत कधी धरायची, सगळं त्याच्या भुवईवर चालायचं. ती जागा सूत्रसंचालकाने घेतली. त्याला गावातली नावं माहीत असतात, नाती माहीत नसतात. तात्यांना ती जागा परत दे. आईने सांगितलं होतं तात्यांना दुखवू नको. त्यांना नुसतं न दुखवण्यापेक्षा हे बरं.

नेत्यांना फोन तात्याच करतील, आणि आधीच करतील, आदल्या रात्री नाही. 'या, वहिनींना भेटा, फुलं वाहा, जेवून जा. बोलणं यावेळी ठेवलेलं नाही.' एवढंच. कारणं द्यायची नाहीत, कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो. जो खरंच नानांसाठी येणार आहे तो येईलच. जो बोलायला मिळत नाही म्हणून येणार नाही, त्याच्या वाटच्या चार बुंद्या वाचल्या.

फ्लेक्सवर वेळ घालवू नकोस. चुलतभावाला म्हण, डिझाईन छान आहे, फक्त नाना मोठे कर आणि बाकीचे काढ. तो कुरकुरेल, मग करेल. फ्लेक्स कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी उतरवायचा, हे मात्र त्याच्याकडून कबूल करून घे. पावसात फाटून लोंबणारा बापाचा फोटो बघवत नाही. मोबाईलचं महाराज सुरुवातीला एकदा सांगतील, त्यावर पुन्हा पुन्हा ओरडायचं नाही. मागे बसून चार पोरं स्क्रीन बघत असली तर बघू देत. त्यांच्या हातात पत्रावळ्या दे, पाण्याचे जग दे, वाढपी कर. काम मिळालं की पोरं नीट वागतात, हा माझा शाळेतला तीस वर्षांचा अनुभव आहे.

कांद्याच्या भावाचं मला फारसं वाईट वाटत नाही. नाना शेतकरी होते. त्यांच्या कार्याला आलेले शेतकरी जेवताना कांद्यावर बोलले तर नानांनीही कान दिला असता. फक्त पिंडासमोर नको.

राहिले सावडीचे बाबा. तात्यांनंतर त्यांना माईकवर बोलवावं असं तुझ्या मनात येईल. बोलवू नकोस. एकदा माईकपाशी जाऊन खाली बसवलेल्या माणसाला पुन्हा सगळ्यांसमोर उभं केलंस तर त्याला सगळं पुन्हा आठवेल, आणि तू भरपाई करतोयस हे मांडवाला कळेल. त्यापेक्षा आदल्या रात्री घरी भजन ठेव. दहा-पंधरा माणसं, पेटी-पखवाज, चहा. तिथे ते आपोआप बोलतील. वारीत नाना कुठल्या मुक्कामी काय करायचे, नांगरटीला एकमेकांचे बैल कसे द्यायचे-घ्यायचे, वाटणीच्या वेळी नाना खरंच काय म्हणाले होते, तेही कदाचित त्यांनाच माहीत असेल. आई दाराच्या आडून ऐकेल. तिला पुढे बसव.

त्यांना बोलवायला फोन करू नकोस. घरी जा, आणि जाताना आईला गाडीवर मागे बसव. तिलाही त्यांच्याकडे जाऊन वर्ष झालं असेल.

— ताई